अपराध पोटात घालताना : ‘एकच प्याला’मधल्या क्षमेची पार्श्वभूमी

मराठीत अपराध दोन ठिकाणी घालता येतो, पदरात नाहीतर पोटात. पदरात घातला म्हणजे ज्याने केला त्याला तो दाखवून दिला, त्याच्याकडून कबूल करून घेतला. पोटात घातला म्हणजे माफ केला, पुन्हा उकरून काढायचा नाही असं ठरवलं. माझी आजी घरातली भांडणं मिटवायची तेव्हा तिचा क्रम ठरलेला असायचा. जो चुकला त्याला समोर बसवायची, काय केलंस ते त्याच्याच तोंडून वदवून घ्यायची, आणि मग म्हणायची, “झालं, आता पोटात घाला.” आधी पदर, मग पोट. उलटा क्रम तिला मंजूर नव्हता.

‘एकच प्याला’ हे नाटक पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आजीचा हा क्रम आठवून मी अस्वस्थ झाले होते. त्यातली सिंधू सगळं पोटात घालते. पदरात मात्र कुणाच्या काहीच घालत नाही. आणि तरी शंभर वर्षांहून अधिक काळ मराठी घरांत प्रेमाचा, क्षमेचा दाखला द्यायचा झाला की सिंधूचंच नाव निघत आलं. लग्न ठरलेल्या मुलींना सिंधूचा दाखला दिलेला मी स्वतः ऐकला आहे. ही क्षमा कुठून आली, तिच्या आधी आपल्या संगीत रंगभूमीवर कोण कुणाला कशी माफी देत होतं, हे पाहिल्याशिवाय सिंधूला समजून घेता येत नाही.

गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगते. सुधाकर हुशार आणि मानी वकील. कोर्टात खटका उडतो, वकिलीची सनद काही काळासाठी जाते. अपमान मनातून जात नाही, आणि पदरचाच माणूस, तळीराम, सुचवतो की एक प्याला घ्या, बरं वाटेल. एकाचे अनेक होतात. वकिली जाते, घर जातं, मित्र तोंड फिरवतात. मध्येच एकदा तो दारू सोडून काम शोधायला निघतोही, पण दारोदार अपमान होतो आणि तो पुन्हा बाटलीकडे वळतो. सिंधू श्रीमंत घरची लेक. भाऊ पद्माकर मदतीला तयार असूनही ती माहेरचा पैसा नाकारते आणि लोकांचं दळण दळून पोट भरते. शेवटी नशेतल्या सुधाकरच्या हातून तान्ह्या मुलाचा जीव जातो आणि सिंधूवरही मरणाचा घाव पडतो. पोलीस विचारायला येतात. ती नवऱ्यावर आळ येऊ देत नाही. ती जाते, आणि तिच्यामागे सुधाकर स्वतःचा जीव घेतो.

राम गणेश गडकऱ्यांनी हे नाटक लिहिलं, पण रंगमंचावर पाहिलं नाही. २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूरजवळच्या सावनेरला ते गेले तेव्हा त्यांचं वय अवघं ३३ होतं. गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात पहिला प्रयोग केला तो २० फेब्रुवारी १९१९ रोजी. लेखकाला जाऊन महिनाही झाला नव्हता.

आता थोडं मागे जाऊ. मराठी संगीत नाटकाचा जन्मच मुळी एका क्षमेच्या गोष्टीतून झाला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी कालिदासाच्या नाटकावरून ‘संगीत शाकुंतल’ उभं केलं. त्या रात्री सातपैकी पहिले चारच अंक झाले. म्हणजे शकुंतला सासरी निघाली तिथे खेळ थांबला. कण्वांचा निरोप ऐकून डोळे पुसत घरी गेलेल्या त्या प्रेक्षकांना दुष्यंताने तिला ओळख नाकारलेली त्या रात्री पाहायला मिळालीच नाही. हे मला नेहमी मोठं बोलकं वाटतं. प्रेम आणि ताटातूट पहिल्या दिवशीच रंगली. अपराध आणि माफी पुढच्या अंकांत राहिली.

कालिदासाच्या त्या पुढच्या अंकांत आजीचा क्रम नीट पाळलेला आहे. महाभारतातल्या मूळ कथेत शाप नाही आणि हरवलेली अंगठीही नाही. तिथे राजाला सगळं आठवत असतं, लोक काय म्हणतील म्हणून तो ओळख दाखवत नाही. कालिदासाने राजाला तिचा विसर पाडणारा दुर्वासाचा शाप आणला आणि राजाचा गुन्हा पुष्कळ हलका केला. तरीही पाचव्या अंकात भर दरबारात शकुंतला दुष्यंताला ‘अनार्य’ म्हणते. आश्रमात वाढलेली, गरोदर मुलगी राजाला त्याच्या सिंहासनासमोर हे सुनावते. ती चूक त्याच्या पदरात घालते. सातव्या अंकात तो तिच्या पायावर डोकं ठेवतो, आणि मग ती त्याला उठवते.

पण उठवताना ती काय म्हणते तेही पाहायला हवं. आपलंच काही पूर्वकर्म आड आलं असावं, असं ती म्हणते. राजा पायाशी असतानाही दोषातला वाटा ती आपल्याकडे ओढून घेते. इथेच मला सिंधूचं मूळ दिसतं. पोलिसांसमोर नवऱ्याला वाचवणारी सिंधू शकुंतलेच्या या एका वाक्यातून निघाली आहे. फरक एवढाच, की शकुंतलेच्या त्या वाक्याआधी ‘अनार्य’ हा शब्द उच्चारून झालेला होता.

‘मानापमान’बद्दल थोडंच, कारण ते नाटक आनंदाचं आहे आणि त्याच्या वाट्याला कौतुक भरपूर आलेलं आहे. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत रंगमंचावर आलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या या नाटकात श्रीमंत भामिनी गरीब पण शूर सेनापती धैर्यधराचा अपमान करते, पुढे तिला स्वतःची चूक उमगते, आणि वनमाला बनून, साधेपणाने राहून ती त्याचं मन जिंकते. अपराध बाईचा असला की तो तिच्या पदरात घालायला आपली रंगभूमी कचरत नव्हती, एवढं इथे नोंदवून ठेवते. भामिनी करणारे गायक-नट बालगंधर्व आठ वर्षांनी सिंधू झाले.

रंगमंचाबाहेर या काळात काय चाललं होतं? १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं आणि पातिव्रत्य एकट्या बाईच्याच वाट्याला का, असा रोखठोक प्रश्न पुरुषांना विचारला. दोनच वर्षांनी, १८८४ मध्ये, मुंबईत रखमाबाईंवर दावा दाखल झाला. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंनी दादाजी भिकाजी या नवऱ्याकडे नांदायला जाणं नाकारलं होतं. पहिला निकाल त्यांच्या बाजूने लागला, पुढे तो फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं की महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्या तुरुंगात जायला तयार झाल्या. १८८८ मध्ये प्रकरण तडजोडीने मिटलं, त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या. हा खटला पेपरांतून, चावड्यांवरून गाजत होता तेव्हा नवसारीला गडकऱ्यांचा जन्म झाला, २६ मे १८८५ चा.

हे सगळं लक्षात ठेवून ‘कशी या त्यजू पदाला’ ऐकलं की त्यातला ‘कशी’ वेगळा ऐकू येतो. सिंधूसाठी तो भक्तीचा प्रश्न आहे. त्या काळच्या बाईसाठी तो व्यवहाराचाही प्रश्न होता. उच्चवर्णीय हिंदू विवाहात घटस्फोट नव्हता. बहुतेक घरांत दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याला सोडून माहेरी आलेली बाई भावजयीच्या हाताखाली राहणार आणि लोकांच्या तोंडी लागणार, हे ठरलेलं होतं. सिंधूला माहेरचं दार उघडं होतं, हे खरं. गडकऱ्यांनी मुद्दामच ते उघडं ठेवलं, म्हणजे तिचं राहणं ही तिची निवड दिसावी. पण समोर बसलेल्या शेकडो बायकांपैकी कितीजणींना पद्माकरासारखा भाऊ होता? ज्या बाईला दुसरी वाटच नाही, तिच्या राहण्याला आपण क्षमा म्हणतो तेव्हा काहीतरी चुकतं, असं मला मनापासून वाटतं.

गडकऱ्यांनी हा विषय आधीही हाताळला होता. १९१६ च्या ‘पुण्यप्रभाव’मध्ये वसुंधरेच्या पातिव्रत्याच्या तेजापुढे सूडाने पेटलेला वृंदावन वितळतो, त्याचं मन पालटतं. बाईच्या पुण्याईने पुरुष सुधारतो हा तेव्हाचा लाडका विश्वास, आणि गडकऱ्यांनी तो पूर्ण ताकदीने मांडला होता. मग ‘एकच प्याला’त त्यांनी काय केलं? तशीच पतिव्रता घेतली, तिचं तेज तसूभर कमी केलं नाही, उलट वाढवलं. आणि ते तेज सुधाकरवर चाललं नाही. सिंधूच्या एवढ्या प्रेमाने, एवढ्या सोसण्याने एक प्याला कमी झाला नाही. लेकरू गेलं, ती गेली, तोही गेला. दोन नाटकांमधल्या तीन वर्षांत या माणसाने काय पाहिलं असेल, कुणाचं घर पाहिलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. सिंधूला आदर्श म्हणून मिरवणारे हे विसरतात की तिला घडवणाऱ्यानेच तिची क्षमा हरलेली दाखवली आहे. तिचं प्रेम खोटं होतं म्हणून ती हरली नाही. चूक कधी पदरात घातलीच गेली नाही, म्हणून पोटात घातलेलं सगळं विष होऊन साठत राहिलं.

दारूचाही इतिहास या नाटकामागे आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्या-विकण्यावर सरकारने घट्ट ताबा मिळवला, परवान्यांतून तिजोरी भरू लागली. सरकारच दारूवर पोसलं जातं, हा राग त्यानंतर वाढत गेला, आणि १९०८ साली पुण्यात लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने दारूच्या दुकानांवर पिकेटिंग, म्हणजे गिऱ्हाइकांना अडवणारं धरणं, झालं. दारूबंदी हा तेव्हा राष्ट्रकार्याचा भाग होता. पण त्या चळवळीची भाषा दुकानाची होती, परवान्याची होती. गडकऱ्यांनी कॅमेरा घरात नेऊन ठेवावा तसं केलं. पिणारा शिकलेला, पदवीधर. त्याला पाजणारं तळीरामाचं ‘आर्यमदिरामंडळ’, जिथे पिण्याचं समर्थन करायला सुधारणेपासून शास्त्रापर्यंत सगळं वापरलं जातं. आणि या सगळ्याचं बिल भरायला स्वयंपाकघरातली बाई.

त्या बाईच्या अंगावरच्या लुगड्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. बालगंधर्वांची ख्याती भरजरी शालूंची, अत्तरांची, खऱ्या दागिन्यांची होती. त्यांनी नेसलं तसं लुगडं, माळली तशी वेणी घराघरांतल्या बायका करून पाहायच्या. तेच बालगंधर्व सिंधूच्या दारिद्र्याच्या प्रवेशात ठिगळं लावलेलं जाडंभरडं लुगडं नेसून आले. ज्यांच्या पदराची जर पाहायला लोक येत, त्यांच्या पदराला आता ठिगळ होतं. सुधाकर गणपतराव बोडसांनी केला. पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची. काही चाली सुंदराबाई जाधवांकडून आल्या, गझल-कव्वालीच्या वळणाच्या, त्यामुळे त्या आधीच्या नाट्यपदांपेक्षा अधिक आर्त, अधिक जवळच्या वाटल्या. ‘बघु नको मजकडे केविलवाणा’ म्हणताना मांडीवरच्या भुकेल्या लेकराकडे न बघणारी आई लोकांसमोर उभी राहिली.

माझ्या मते सिंधूची क्षमा एवढी प्रिय होण्यामागे हे सूर आहेत. जे संवादात ऐकताना जीव गुदमरला असता, ते गाण्यात आलं आणि गोड झालं. वन्स मोअर मिळाला की सिंधू पुन्हा एकदा नवऱ्याचे पाय धरायची. हे लिहिताना मला बालगंधर्वांच्या गळ्याबद्दल तिळभरही तक्रार नाही, त्या गळ्यासाठी मीही तासन्‌तास बसते. पण लोकांच्या मनात नाटकातलं काय उरलं आणि काय गळून पडलं, हे सुरांनी ठरवलं, एवढं मान्य करायला हवं.

गळून पडली ती गीता. तळीरामाची बायको. तिचाही नवरा दारुडाच, किंबहुना सगळ्या अनर्थाचं मूळ तोच. गीता सोसते, पण गप्प बसत नाही. नवऱ्याबद्दल जे वाटतं ते ती घडाघडा बोलते, लोक हसतात, आणि हसता हसता त्यांना कळतं की ही बाई खरं बोलते आहे. गडकऱ्यांनी एकाच नाटकात, एकाच रोगाच्या समोर, दोन बायका उभ्या केल्या. एकीच्या तोंडी पदं, दुसरीच्या तोंडी सडेतोड बोल. घराघरांत पोचलेल्या पदांत गीतेचं एकही नाही. म्हणून तिचं नाव आज नाटक पाहिलेल्या माणसालाही पटकन आठवत नाही. क्षमेचा धडा सिंधूकडून घ्यायचा असेल तर तो गीतेला शेजारी बसवूनच घ्यावा, असं मी माझ्या भाच्यांना सांगत आले आहे.

बडोद्याचा आणखी एक धागा आहे. ज्या संस्थानाचा राजाश्रय गंधर्व नाटक मंडळीला होता, ज्या शहरात सिंधूने पहिल्यांदा ‘कशी या त्यजू पदाला’ म्हटलं, त्याच बडोदा संस्थानाने सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. पहिल्या प्रयोगानंतर बारा वर्षांनी. मुंबई प्रांतात तो १९४७ मध्ये आला, देशभर हिंदू विवाह कायद्याने १९५५ मध्ये. घरात मार खाणाऱ्या बाईसाठी वेगळा कायदा यायला २००५ साल उजाडलं. म्हणजे पोलिसांनी विचारल्यावर सिंधूने खरं सांगितलं असतं, तर पुढे तिला सांभाळणारी व्यवस्था उभी राहायला तब्बल ८६ वर्षं लागली.

दरम्यान नाटक चालूच राहिलं. सिंधूची भूमिका पुरुषांकडून बायकांकडे आली. जयमाला शिलेदारांसारख्या गायिका-अभिनेत्रींनी बालगंधर्वांची गायकी पुढच्या पिढ्यांपर्यंत आणली. गोव्यात तर देवळांच्या उत्सवांत, जत्रांत संगीत नाटक अजूनही रात्र रात्र रंगतं, आणि गावातला शिक्षक किंवा दुकानदारच त्या रात्री सुधाकर होतो.

आणि दारूशी झगडणाऱ्या बायकांनी क्षमेचा अर्थ आपला आपण बदलून घेतला. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. व्यसनमुक्तीच्या कामात आज पिणाऱ्याइतकंच त्याच्या बायकोशी बोललं जातं. तिला सांगितलं जातं ते थोडक्यात असं : त्याच्या ऑफिसात खोटे निरोप देऊ नका, त्याची उधारी फेडू नका, त्याने जे केलं ते त्याला शुद्धीवर असताना दाखवा. प्रेम काढून घ्या असं कुणी सांगत नाही. आजारी माणसावर करावं तसं प्रेम करा, पण त्याच्या आजाराला पांघरूण घालू नका, असं सांगतात. माझ्या आजीने हे ऐकलं असतं तर मान हलवली असती. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या साथीने लोकांनी चळवळ केली आणि १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी झाली. अनेक गावांत बायका मतदानाला रांगा लावतात ते दोन चित्रांसाठी, उभी बाटली आणि आडवी बाटली. उभ्या बाटलीवर शिक्का म्हणजे दुकान राहू दे, आडवीवर म्हणजे बंद कर. त्या रांगेतल्या कित्येकजणी संध्याकाळी त्याच नवऱ्याला भाकरी वाढणार असतात. त्यांनी त्याला टाकलेलं नसतं. त्यांनी फक्त सकाळी मतपत्रिकेवर त्याची चूक लिहून ठेवलेली असते.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी हौशी मंडळींनी केलेला ‘एकच प्याला’चा प्रयोग पाहायला गेले होते. पंखे घरघरत होते, पेटी आणि तबला मात्र उत्तम लागले होते. शेवटच्या अंकात सिंधू पडलेली, शेजारी लेकरू, आणि फौजदार वाकून तिला विचारतो की कुणी मारलं. सभागृहात टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. तेवढ्यात माझ्या मागच्या रांगेतून एका बाईचा आवाज आला, मोठा नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा : “सांग गं बाई, सांग.” कुणी हसलं नाही. रंगमंचावरची मुलगी क्षणभर थांबली, आणि मग तिने नाटकात लिहिलेलं वाक्य म्हटलं.